६४ मीटरवर आवळलेला रॉड : औसा तालुक्यातल्या एका बोअरचा प्रकरण अभ्यास

खाणकाम आणि पेट्रोलियम तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम मराठवाड्यातल्या सामुदायिक महाविद्यालयात शिकायचा, तर पहिली अडचण येते ती डोळ्यांपुढे काही नसण्याची. तेलविहीर इथून शेकडो किलोमीटर लांब. कोळशाच्या खाणी पाहायच्या तर वणी-चंद्रपूर गाठावं लागतं. त्यामुळे स्टक पाइप (अडकलेली नळी), फ्री पॉइंट (नळी जिथवर मोकळी आहे ती जागा), अ‍ॅन्युलस (नळी आणि भिंत यांच्यामधली फट), रिटर्न (त्या फटीतून परत वर येणारा प्रवाह) हे शब्द मुलं फळ्यावरून वहीत उतरवतात आणि परीक्षा झाली की विसरतात. पण छिद्रणाची यंत्रं पाहायला मराठवाड्यात लांब जावं लागत नाही. उन्हाळ्यात जवळपास प्रत्येक तालुक्यात बोअरच्या गाड्या उभ्या असतात. तेलविहिरीत रॉड, म्हणजे छिद्रणाची पोलादी नळी, ज्या कारणांनी अडकतो त्यातली बरीचशी इथे ८० मीटर खोलीच्या आत, पायी जाता येईल अशा अंतरावर पाहायला मिळतात.

पुढचं प्रकरण वर्गात सोडवण्यासाठी बांधलेलं आहे. गाव, गाडी, माणसं कुणा एकाची नाहीत. थर, मापं आणि चुका मात्र या भागात नेहमी भेटणाऱ्या आहेत.

परिस्थिती

वस्तीच्या पिण्याच्या पाण्यासाठी ग्रामपंचायतीने बोअर घ्यायचं ठरवलं. पिण्यासाठी हे मुद्दाम सांगायला हवं, कारण शेतीसाठी किंवा उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा खोल बोअर घ्यायला महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्याची मनाई आहे. गाडी तमिळनाडूच्या तिरुचेंगोडकडची, ड्रायव्हर अनुभवी, हेल्पर परराज्यातले. कंप्रेसर ११०० सीएफएम आणि ३०० पीएसआयचा, म्हणजे मिनिटाला ३१ घनमीटर हवा आणि सुमारे २१ बार दाब. बिट, म्हणजे दगड फोडणारं टोक, साडेसहा इंची, १६५ मिमी. रॉड ११४ मिमी व्यासाचे, प्रत्येकी २० फूट म्हणजे ६.१ मीटर लांब.

लागलेले थर असे : २ मीटर काळी माती, ९ मीटरपर्यंत मुरूम, १४ मीटरपर्यंत झिजून भुसभुशीत झालेला खडक, ३१ मीटरपर्यंत काळा पाषाण. पुढे दीड मीटर गेरू, मग ४१ मीटरपर्यंत मांजऱ्या आणि त्यात ३६ मीटरवर पहिलं पाणी. त्याखाली ६३ मीटरपर्यंत पुन्हा काळा पाषाण, ६३ ते ६४.५ मीटर दुसरा गेरू, त्याखाली परत पाषाण.

हा क्रम समजला नाही तर पुढचं काहीच समजणार नाही. दख्खनचा बेसाल्ट एकावर एक आलेल्या लाव्हाच्या प्रवाहांनी बनला. प्रत्येक प्रवाहाचा खालचा भाग घट्ट पाषाण, वरचा भाग वायूच्या पोकळ्यांनी भरलेला मांजऱ्या. दोन प्रवाहांच्या मधल्या काळात पृष्ठभाग कुजून तयार झालेली लाल चिकणमाती म्हणजे गेरू. तो प्रत्येक सांध्यावर असतोच असं नाही, पण असला तर पाणी लागताच फुगतो आणि सुटून पडतो. या भागात एकाच बोअरमध्ये असे अनेक सांधे लागतात. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला संशोधनासाठी घेतलेल्या ६१७ मीटरच्या केएलआर-१ या छिद्रात वरचे ३३८ मीटर बेसाल्टच निघाला. त्याखाली ८ मीटर गाळाचा थर आणि मग जुना पायाचा खडक लागला.

केसिंग, म्हणजे होलची भिंत धरणारा पाइप, टाकलं ९ मीटर, म्हणजे मुरूम संपतो तिथपर्यंत. केसिंगचे पैसे फुटावर वेगळे लागतात, म्हणून 'तीस फूट बास' असं ठरलं. १३ वा रॉड पूर्ण होऊन ७९ मीटर झाले. ड्रायव्हरने बिट जेमतेम ३० सेंमी उचलली, हवा बंद केली आणि १४ वा रॉड जोडला. हवा पुन्हा सोडली तर काटा २१ बारवर जाऊन थांबला. केसिंगच्या तोंडातून धूळ नाही, पाणी नाही. रॉड फिरेना आणि वरही येईना. सरपंच म्हणाले, "अहो, लावा की जोर! एवढी मोठी गाडी आहे." ड्रायव्हरचा हात ओढण्याच्या लिव्हरकडे गेला. प्रकरण इथे थांबवून विद्यार्थ्यांना विचारायचं : आता काय करायचं, आणि हे कधी सुरू झालं?

हे सुरू कधी झालं

तेलविहिरीत छिद्रणासाठी मुद्दाम सोडलेला पातळ चिखल तीन कामं करतो. भुकटी वर आणतो, बिट थंड ठेवतो आणि विहिरीची भिंत दाबून धरतो. बोअरमध्ये हवा पहिली दोन कामं करते, शिवाय हॅमर, म्हणजे बिटच्या वर बसून तिला ठोके देणारं यंत्र, तेही चालवते. भिंत मात्र ती धरत नाही. म्हणून हवेवरच्या छिद्रणात सुटणारा थर लागला की त्याला आधार द्यायला काहीच नसतं.

भुकटी वर यायला रॉड आणि भिंत यांच्यामधल्या फटीत हवेचा वेग मिनिटाला किमान ९०० मीटर हवा, १५०० असला तर उत्तम. हिशेब विद्यार्थ्यांनी स्वतः करावा. १६५ मिमीच्या होलमध्ये ११४ मिमीचा रॉड असेल तर फटीचं क्षेत्रफळ ०.०११२ चौ. मी. येतं. ३१ घनमीटर हवेला त्याने भागलं की वेग जवळपास २८०० येतो. ड्रायव्हरने डिझेल वाचवायला इंजिनाची गती उतरवून हवा ६० टक्क्यांवर आणली होती. तरीही वेग १६०० च्या पुढे राहतो, म्हणून त्याला काही चुकतंय असं वाटलं नाही.

चुकत होतं ते ६४ मीटरवर. तिथला गेरू सुटून होल ३०० मिमी रुंद झालं, तर फट ०.०६ चौ. मी. होते. पूर्ण हवेवर वेग सुमारे ५१५, आणि ६० टक्के हवेवर जेमतेम ३१०. खालून वेगाने आलेली भुकटी या पोकळीत शिरली की मंदावते आणि तिथेच घुटमळते. हवा चालू आहे तोवर ती तरंगत राहते, बंद केली की खाली बसते. हा हिशेब मोकळ्या हवेच्या आकारमानावर केलेला आहे. खोलात दाबामुळे हवा आक्रसते, म्हणजे खरा वेग याहूनही कमी असतो.

दुसरं कारण पाणी, आणि तेही कमी पाणी. ३८ मीटरवर केलेली मोजणी नोंदीत आहे : ९० अंशाच्या व्ही-नॉचवर, म्हणजे पाणी मोजायच्या V आकाराच्या खाचेवर, २५ मिमी उंची. सूत्र Q = १.३८ × H^२.५, त्यात पाण्याची उंची H मीटरमध्ये आणि प्रवाह Q सेकंदाला घनमीटरमध्ये. उत्तर येतं सेकंदाला ०.१४ लिटर, मिनिटाला ८ लिटर. आता दगड किती भरडला जातो ते काढा. तासाला १५ मीटर गतीने १६५ मिमीच्या होलमधून तासाला ०.३२ घनमीटर दगड निघतो. घनता २.८ धरली तर मिनिटाला १५ किलो भुकटी. पंधरा किलो पिठात आठ लिटर पाणी घातलं तर कणीकच होणार. पाणी अजिबात नसतं तर धूळ उडून गेली असती, मिनिटाला ६० लिटर असतं तर वाहून गेली असती. आठ लिटरमध्ये ती रॉडला आणि भिंतीला चिकटते, थर धरते आणि फटीत चिखलाची कडी तयार होते. पाणी कमी लागलं म्हणून ड्रायव्हर निश्चिंत असतो, पण या कामात धोका नेमका कमी पाण्यातच जास्त असतो.

तिसरं कारण आखूड केसिंग. ९ ते १४ मीटरचा भुसभुशीत खडक उघडा राहिला. ६० मीटरच्या खाली काम चालू असताना परतणाऱ्या भुकटीत तपकिरी, झिजलेल्या कडांचे तुकडे दिसत होते. ते खालचे नव्हेत, वरून सुटलेले. केसिंग कठीण पाषाणात किमान मीटरभर शिरवून बसवायला हवं होतं, म्हणजे १५ मीटर. सहा मीटर केसिंगची बचत इथे महागात पडली.

आता रॉडवार नोंद पाहा. ९ व्या आणि १० व्या रॉडला प्रत्येकी २४-२५ मिनिटं लागली. ११ व्याला १७, कारण मध्ये गेरू होता. परतणारं पाणी लाल झालं. १२ व्याला २६ मिनिटं, पण तोंडाशी येणारा गाळ अर्ध्याने घटला. एका रॉडमागे ०.१३ घनमीटर, म्हणजे सुमारे ३६५ किलो दगड निघायला हवा. ओला गाळ वाहून जातो, त्यामुळे वजन अचूक मिळत नाही, पण हेल्परने ओढलेल्या घमेल्यांचा अंदाज पुरेसा असतो. वर आला नाही तो गाळ होलमध्येच आहे. १३ व्या रॉडला हवेचा दाब १३ बारवरून १६ वर चढला, फिरवण्याचा दाब हेलकावे घेऊ लागला आणि हॅमरचा खणखणीत आवाज बसला.

म्हणजे रॉड अडकण्याच्या तासभर आधी बोअर बोलत होता. हे आकडे आज मिळतात, कारण एक विद्यार्थी शेजारी बसून लिहीत होता. गाडीवर नोंद नव्हती. बिल फुटावर होतं, म्हणून फूट तेवढे मोजले जातात. आमच्या मते या अभ्यासक्रमात शिकण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट हीच : प्रत्येक रॉडला वेळ, हवेचा दाब, फिरवण्याचा दाब, परतीचा रंग, परतीचं प्रमाण आणि पाणी या सहा गोष्टी लिहायच्या. तेलविहिरीवर ड्रिलरची नोंद हाच सगळ्या निर्णयांचा पाया असतो. सवय इथे लागली तर तिथे कामाला येते.

लिव्हर ओढण्याआधी

बहुतेक गटांचं पहिलं उत्तर 'जोरात ओढा' असं येतं. त्यातलं काय बिघडेल ते ओळीने पाहू.

खालून २१ बार दाब कडीवर आहे. ०.०११२ चौ. मी. क्षेत्रफळावर तो २३ किलोन्यूटनहून अधिक, म्हणजे सुमारे २.४ टनांचा जोर देतो. हवा जितकी जास्त, तितकी कडी वर दाबली जाऊन घट्ट बसते. त्यात रॉडही वर ओढला तर तो तिच्यात आणखी आवळतो. म्हणून पहिलं काम दाब उतरवण्याचं : मुख्य व्हॉल्व्ह बंद, दाब सोडणारा ब्लो-डाउन व्हॉल्व्ह उघडा, काटा शून्यावर येईपर्यंत थांबायचं. शून्यावर आल्याखेरीज रॉडचा सांधा कुणी सैल करायचा नाही. हॅमरमध्ये एकदिशा व्हॉल्व्ह असतो. त्याच्या खाली, कडीखालच्या जागेत, दाब अडकून राहू शकतो आणि गेजवर दिसत नाही. तोंडाजवळ कुणी वाकून पाहायचं नाही.

उलटं फिरवायचं नाही. रॉडचे आटे उजवे असतात. उलट फिरवलं तर कुठला सांधा सुटेल याचा भरवसा नाही, आणि सुटलेल्या रॉडला होलमध्ये जाऊन पकडणं हे वेगळंच मोठं काम होऊन बसतं.

गाडीचे जॅक काळ्या मातीवर आहेत. रॉडवर ओढलेलं प्रत्येक टन जॅकमधून जमिनीत उतरतं. पाणी सांडून माती भिजलेली असते, एक जॅक रुतला की मास्ट, म्हणजे गाडीवरचा उभा मनोरा, कलतो. ओढण्याआधी प्रत्येक जॅकखाली जाड लाकडी फळ्या आडव्या-उभ्या रचायच्या आणि मास्टच्या उंचीइतक्या अंतरात ऑपरेटरशिवाय कुणी थांबायचं नाही. ड्रायव्हरची आणि मुलांची भाषा वेगळी असेल तर हाताच्या खुणा आधी ठरवून घ्यायच्या. 'थांब' ही खूण कुणीही दिली तरी पाळायची.

कुठे अडकला, ते मोजणं

पेट्रोलियमच्या पुस्तकातला फ्री पॉइंटचा हिशेब इथे जसाच्या तसा चालतो. पोलादी नळी ताण दिल्यावर किती लांबते यावरून तिचा मोकळा भाग किती ते कळतं : L = E × A × ΔL ÷ ΔF. L मोकळी लांबी, E पोलादाचा ताठरपणा, A नळीच्या पोलादाचं क्षेत्रफळ, ΔL लांबीतली वाढ, ΔF वाढवलेलं बल.

रॉडचा बाहेरचा व्यास ११४, आतला ९८ मिमी. पोलादाचं क्षेत्रफळ A = ०.००२६६ चौ. मी., E = २०७ गिगापास्कल. गुणाकार ५.५ × १०^८ न्यूटन.

सगळ्या रॉडचं आणि हॅमरचं वजन मिळून दोन टनांच्या आसपास. आधी ३० किलोन्यूटन ओढून ढिलेपणा काढला आणि खूण केली. मग ९० किलोन्यूटनपर्यंत नेऊन पुन्हा खूण केली. फरक ६० किलोन्यूटन. तीन वेळा मोजून लांबी वाढली ७, ६.५ आणि ७.५ मिमी. सरासरी ७.

L = ५.५ × १०^८ × ०.००७ ÷ ६०,००० = ६४ मीटर.

उत्तर गेरूवर येऊन थांबतं. म्हणजे हॅमर किंवा बिट अडकलेली नाही, रॉड मध्येच आवळला आहे.

या मोजणीत तीन ठिकाणी हमखास चुकतं. गेजवरचा दाब म्हणजे बल नव्हे. दाब गुणिले सिलिंडरचं क्षेत्रफळ करावं लागतं, आणि साखळी किंवा दोर दुप्पट प्रवासाचा असेल तर त्याच्या निम्मं बल रॉडवर येतं. खूण मास्टवर करायची नाही, कारण ताणाखाली मास्ट आणि जॅक दोन्ही दबतात. गाडीपासून बाजूला दोन खुंट्या ठोकून त्यांवर आडवी पट्टी बांधायची आणि पोलादी मोजपट्टीने तिच्यापासून मोजायचं. तिसरं, एक मिमीची चूक इथे ९ मीटरची चूक होते. म्हणून एका मोजणीवर विसंबायचं नाही आणि उत्तर थरांच्या नोंदीशी ताडून पाहायचं. असाच रॉड ३००० मीटरच्या विहिरीत असता तर इतक्याच बलाने तो फूटभर लांबला असता आणि मिमीची चूक तिथे नगण्य ठरली असती. उथळ होलमध्ये हीच पद्धत जास्त काळजीने वापरावी लागते.

सोडवणूक

तेलविहिरीवर अशा वेळी डिझेल किंवा तेलाचा द्रव अडकलेल्या जागेवर सोडतात. तो उपाय मुख्यतः चिखलाच्या दाबाने नळी भिंतीला चिकटते तेव्हाचा. हवेवरच्या बोअरमध्ये चिखलाचा स्तंभच नसतो, त्यामुळे तसं चिकटणं इथे होत नाही. दुसरी कल्पना हुशार विद्यार्थ्याला सुचतेच : पोटॅशियम क्लोराइडने चिकणमाती फुगायची थांबते, आणि ते कृषी सेवा केंद्रात म्युरेट ऑफ पोटॅश म्हणून मिळतं. रसायनशास्त्र बरोबर आहे, पण हा पिण्याच्या पाण्याचा बोअर आहे. डिझेल नाही, खत नाही. साधं पाणी आणि छिद्रणासाठीचा, पिण्याच्या विहिरीत चालणारा फोम (फेस करणारा द्रव), एवढंच.

फटीत मीटरमागे ११ लिटर मावतात, ६४ मीटरला सुमारे ७०० लिटर. टँकरच्या पाण्यात १ टक्का, म्हणजे ७ लिटर फोम मिसळून ते केसिंगच्या तोंडातून सावकाश सोडलं. कडीवर वरून ६ बारच्या आसपास दाब आला आणि ती भिजू लागली.

मग रॉड आधी खाली सोडला, वर नाही. चिखलाची कडी वर येताना घट्ट होते, खाली जाताना सैल पडते. यासाठी खाली जागा लागते, आणि इथे ती ३० सेंमीच होती. हवा बंद करण्यापूर्वी बिट निदान मीटरभर उचलावी, ती या क्षणासाठी. उजवीकडे हलका पीळ ठेवून खाली-वर, खाली-वर. सोबत हवा २१ बारवर नव्हे, ८ ते १० बारपर्यंत चढवायची आणि सोडायची. संध्याकाळी काम थांबवताना तोंड झाकून कुंपण केलं आणि माणूस ठेवला. उघड्या बोअरची राखण ही केवळ औपचारिकता म्हणून करायची गोष्ट नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रॉड चतकोर फिरला. मग हवेचा फेसाळ फवारा आला आणि त्यामागे लाल चिखलाचे गोळे. अशा वेळी घाईने वर ओढायचं नाही. रॉड फिरवत ठेवून, मिनिटाला १५ लिटर फोमचं पाणी हवेसोबत आत सोडत, परतणारं पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचं, मग फिरवत एकेक रॉड बाहेर. हॅमर सगळा वर आल्यावर बिटची बटणं (दगड फोडणारे कठीण दाणे) तपासली, शाबूत होती.

बोअर पुढे कसा पूर्ण केला

तोच बोअर तसाच पुढे नेला असता तर गेरू पुन्हा पडला असता. म्हणून आत १४० मिमीचं पीव्हीसी केसिंग ६६ मीटरपर्यंत उतरवलं. ते गेरूखालच्या पाषाणात ६६ मीटरवर टेकावं म्हणून खालचं होल आधी गाळाने भरू दिलं आणि वर बारीक खडीचा टप्पा केला. ३२.५ ते ४१ मीटरमध्ये पाण्यासाठी खाचा पाडलेले पाइप, गेरूसमोर मात्र दोन्ही ठिकाणी सलग पाइप. आतला व्यास १२७ मिमी मिळतो. त्यातून ११५ मिमीची बिट, चार इंची हॅमर आणि ७६ मिमीचे रॉड उतरवून गाळ धुवून काढला आणि काम पुढे नेलं. चार इंची सबमर्सिबल पंप १२७ मध्ये सहज बसतो.

शेवटी केसिंगभोवती ०.५ × ०.५ × ०.६ मीटरचा काँक्रीटचा ओटा, निम्मा जमिनीवर आणि निम्मा खाली, आणि तोंडावर वेल्ड केलेलं पोलादी झाकण. पंप बसेपर्यंत हे झाकण काढायचं नाही. २०१० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांत हीच मापं आहेत.

वर्गात घेताना

दोन तासिका पुरतात. पहिलीत थरांची नोंद आणि रॉडवार आकडे तेवढे द्यावेत, रॉड अडकला हे सांगू नये. कोणत्या रॉडला काम थांबवलं असतं आणि का, हे प्रत्येक गटाने लिहून द्यावं. '११ व्या रॉडनंतर, परतणारं पाणी लाल झाल्यावर, पूर्ण हवा आणि फोमचं पाणी सुरू करून' हे चांगलं उत्तर. '१३ व्याला, दाब चढल्यावर' हे उशिराचं, पण पास होणारं. दुसऱ्या तासिकेत फ्री पॉइंट. त्यासाठी कार्यशाळेत सहा मीटरचा पाइप एका टोकाला पक्का बांधून, दुसऱ्या टोकाला चेन ब्लॉक आणि स्प्रिंग काटा लावून लांबी मोजून घ्यावी. पाइप बारीक घ्यावा, नाहीतर वाढ डोळ्याला दिसत नाही.

पुढे ज्यांना कोळशाखेरीज इतर खाणींत पर्यवेक्षकाचं काम करायचं आहे त्यांना खाण सुरक्षा महासंचालनालयाची मायनिंग मेट, ब्लास्टर, फोरमन ही प्रमाणपत्रं मिळवावी लागतात. तेलक्षेत्रही १९५२ च्या खाण कायद्याखालीच येत असे, त्यासाठी २०१७ चे तेल खाण विनियम काढले गेले. या परीक्षांच्या तोंडी फेरीत पुस्तकी व्याख्येसोबत 'अशा वेळी आधी काय कराल' असा प्रश्नही येऊ शकतो. या प्रकरणापुरतं त्याचं उत्तर : आधी दाब उतरवू, माणसं बाजूला करू, जॅकखाली फळ्या घालू, आणि मग नोंदवही उघडू.